नृत्यपरीक्षा उदंड, नृत्यशिक्षक कोठे?

वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचा हंगाम येतो. खोपोलीहून कर्जतकडे निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये त्या दिवसांत एखादी मुलगी दिसते. केस घट्ट बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत घुंगरू आणि बोल उतरवून घेतलेली वही, शेजारी रजा टाकून आलेली आई किंवा वडील. कर्जतला गाडी बदलून बदलापूर, कल्याण किंवा ठाणे गाठायचे, किंवा एस.टी.ने पनवेलची वाट धरायची. परीक्षकांपुढे तिची पारख थोडक्या मिनिटांत होते आणि काही आठवड्यांनी निकालपत्रिका हाती येते. त्या पत्रिकेवर मुलीविषयी बरेच काही असते. तिला चार-पाच वर्षे ज्यांनी शिकविले, त्यांची पारख कोणी, केव्हा व कशी केली, याविषयी मात्र एक अक्षरही नसते. नृत्यशिक्षणाच्या साऱ्या व्यवस्थेतील मोठी उणीव नेमकी या कोऱ्या जागेत आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा घराण्याच्या उंबरठ्याआड अडकलेली विद्या शाळेसारख्या वर्गात, ठरावीक वेळी, ठरावीक पाठ्यक्रमाने शिकविता येईल ही कल्पनाच अनेकांना धाडसाची वाटली होती. ऑगस्ट १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था गायन-वादनाबरोबर कथक, भरतनाट्यम् आदी नृत्यशैलींच्या परीक्षाही घेते. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदाच्या दोन आणि अलंकाराच्या दोन अशी ही नऊ पायऱ्यांची शिडी आहे. अलाहाबादची प्रयाग संगीत समिती १९२६ ची, चंडीगढचे प्राचीन कला केंद्र १९५६ चे. याही संस्थांच्या परीक्षा देशभर दिल्या जातात. ज्या देशात शासनाने कलाशिक्षणाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली, तेथे या खासगी मंडळांनी जवळजवळ शिक्षण खात्याचे काम केले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

परीक्षेने आणखी एक काम केले, आणि त्याची नोंद सहसा होत नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी 'नाचणे' हा शब्द जवळजवळ शिवीच्या तोलाचा होता. नृत्याचा संबंध कलावंतिणींशी, देवदासींशी आणि तमाशाच्या फडाशी जोडला गेला होता. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. त्यानंतरच्या काळात ही कला ज्यांची होती त्यांच्याकडून हळूहळू सुटून ती 'चांगल्या घरच्या' मुलींकडे आली. या स्थित्यंतरात कोणाचे काय हिरावले गेले हा स्वतंत्र आणि वेदनादायक विषय आहे. तथापि शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरातील मुलीला पायांत घुंगरू बांधता आले, त्याचे बरेचसे श्रेय शिक्का मारलेल्या प्रमाणपत्राला द्यावे लागेल. अभ्यासक्रम आहे, लेखी उत्तरपत्रिका आहे, पहिला-दुसरा वर्ग आहे, म्हणजे ही विद्याच आहे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटविण्याचे काम परीक्षेने केले.

कर्जत-खालापूरच्या उशाशीच याआधीचा एक वेगळा प्रयोग झाला होता, हे आज तेथील फारच थोड्यांना ठाऊक असेल. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली आणि माथ्यावर खंडाळा. त्या खंडाळ्यात १९४० च्या आगेमागे मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी 'नृत्यालयम्' हे निवासी विद्यालय चालविले. १९३६ च्या बर्लिन येथील नृत्यस्पर्धेत आपल्या मंडळीसह पारितोषिके मिळवून आलेल्या या विदुषीने कथक, कथकळी आणि मणिपुरी या शैलींचे गुरू एका छपराखाली आणले. विद्यार्थिनींनी तेथेच राहावे, अनेक शैली पाहाव्यात, शरीराचा आणि संगीताचा अभ्यास करावा, आणि मग नर्तिका म्हणून उभे राहावे, अशी त्यामागची दृष्टी होती. दमयंती जोशी आणि शिरीन वजिफदार ही नावे मेनकांच्याच शिष्यवर्गातील. १९४७ साली मेनका गेल्या. संस्था टिकली नाही, आणि घाटाखालच्या गावांत तिची खूणही राहिली नाही. एका व्यक्तीच्या श्रीमंतीवर व प्रतिभेवर उभे राहिलेले विद्यालय त्या व्यक्तीबरोबर संपते, तर देशभर केंद्रे असलेले परीक्षा मंडळ टिकते. मंडळांच्या बाजूने हा युक्तिवाद बळकट आहे. परंतु टिकले ते काय? टिकली ती परीक्षा. शिकविणारा घडविण्याची जी सोय खंडाळ्यासारख्या ठिकाणी होती, ती मात्र परीक्षेबरोबर आली नाही.

विशारद म्हणजे शिक्षक?

व्यवहारात घडते ते असे. एखादी मुलगी विशारद होते. पुढे लग्न होऊन ती कर्जतच्या किंवा खोपोलीच्या एखाद्या नव्या वसाहतीत राहावयास येते. मुंबई-पुण्यात नोकरीसाठी रोज चार तास प्रवास करणे शक्य नसते. सोसायटीचे सभागृह किंवा घरातील पुढची खोली मोकळी असते. महिन्याभरात फलक लागतो आणि वर्ग सुरू होतो. यात गैर काही नाही. उलट या दोन तालुक्यांत जे थोडेबहुत शास्त्रीय नृत्य पोहोचले, ते अशाच स्त्रियांच्या कष्टाने पोहोचले. खासगी नृत्यवर्ग उघडण्यास कायद्याने कोणतीही अर्हता लागत नाही. त्यामुळे विशारद झालेली शिक्षिका ही तर चांगली बाजू झाली. मध्यमेपर्यंत पोहोचून थांबलेली, किंवा दूरचित्रवाणीवरील स्पर्धा पाहून 'सर्व प्रकारचे नृत्य' शिकविणारी व्यक्तीही त्याच रस्त्यावर तसाच फलक लावू शकते, आणि फलकावरून पालकांना फरक कळत नाही.

विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यान्वये पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. लोकव्यवहारात विशारदाला पदवीचा मान मिळतो, आणि कलेच्या दृष्टीने तो अनाठायीही नाही. मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे. विशारद ही उत्तम नाचता येत असल्याची, आणि त्यामागील शास्त्र ठाऊक असल्याची ग्वाही आहे. शिकविता येत असल्याची ती ग्वाही नाही, आणि तसा तिचा हेतूही नव्हता. गणितात प्रथम वर्ग मिळविणाऱ्यालाही शाळेत उभे राहण्यापूर्वी बी.एड्. करावे लागते. नृत्यात मात्र येणे आणि शिकविता येणे ही एकच गोष्ट समजली गेली.

या समजुतीची किंमत मुलांचे पाय मोजतात. भरतनाट्यम्‌मध्ये अरमंडी ही मूळ बैठक आहे. त्यात गुडघे बाहेरच्या बाजूला वळतात, ते वळण खुब्याच्या सांध्यातून यावयास हवे. आठ वर्षांच्या मुलीच्या खुब्यात तेवढा मोकळेपणा नसेल आणि शिक्षिकेने नुसतीच पावले ओढून वळवून घेतली, तर सारा पीळ गुडघ्यावर पडतो. कथकची तत्कार तर पायाच्या आघातावरच उभी आहे. लाकडी तक्तपोशीखाली पोकळी असेल तर ती आघात काही प्रमाणात झेलते. सिमेंटवर बसविलेली फरशी काहीच झेलत नाही. घरातल्या खोलीत आणि सोसायटीच्या सभागृहात असते ती फरशीच. अशा जमिनीवर तत्कार किती वेळ करून घ्यावी, मध्ये विसावा केव्हा द्यावा, जाड सतरंजी वा लाकडी फळ्या टाकाव्यात की नाही, कोणत्या वयात किती घुंगरू बांधावेत, दुखते म्हणणाऱ्या मुलीला 'सवय होईल' म्हणावे की घरी पाठवावे, या प्रश्नांची उत्तरे कवित्त आणि परण पाठ असल्याने मिळत नाहीत. मोठ्या शहरातील जाणत्या गुरूला ती अनुभवाने ठाऊक असतात. बावीस-तेवीस वर्षांच्या नवशिक्षिकेला ती कोणीतरी सांगावी लागतात.

शरीराखेरीज दुसरी बाजू आहे ती पाठ देण्याची. वीस मुलींच्या वर्गात चार जणी पुढे आणि चार मागे असतात, कोणाला ताल कानाने कळतो, कोणाला डोळ्यांनी. एकच तोडा सर्वांकडून पन्नास वेळा करून घेणे ही झाली कवाईत. पढंत करून मात्रा हातावर दाखविणे, लय कमी करून तुकडा सुटा करणे, अभिनयातील प्रसंग मुलीच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडणे, हे शिकविण्याचे खरे अंग. पूर्वी शिक्षकासमोर तबलजी असे, आणि त्याच्या संगतीत शिक्षकाचीही लय तपासली जाई. आता मोबाईलवर ध्वनिमुद्रित लेहरा लावता येतो. सोय झाली, खर्च वाचला. पण चुकल्यावर थांबणारा व सांभाळून घेणारा साथीदार गेला, आणि कर्जतसारख्या ठिकाणी तबल्याची साथ नियमित मिळणे तर अधिकच कठीण.

गुणांची बाजारपेठ

अर्थशास्त्रात या परिस्थितीचे विवेचन परिचित आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला तो अज्ञात असेल, तर चांगल्या व वाईट मालाला एकच सरासरी किंमत येते, आणि मग चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच धर्तीच्या कामासाठी. खोपोलीच्या कारखान्यात किंवा रसायनीच्या वसाहतीत काम करणाऱ्या वडिलांना मुलीची अरमंडी बरोबर आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. त्यांना कळते ते दोनच गोष्टींवरून: फी किती, आणि परीक्षेत किती मुली उत्तीर्ण झाल्या. पाया पक्का होईपर्यंत दोन वर्षे परीक्षेला न बसविणारी शिक्षिका त्यांना आळशी वाटते. दर हंगामाला एकेक पायरी चढवून देणारी कर्तबगार ठरते. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हाकलून लावते, हा जुना नियम येथेही आपले काम करतो.

त्यात २०१७ पासून भर पडली. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात अतिरिक्त गुण देण्याची सवलत राज्य शासनाने लागू केली, आणि किती परीक्षा उत्तीर्ण झाल्या यावर ते गुण ठरविले. हेतू चांगला होता. नृत्य शिकणाऱ्या मुलीचे श्रम शाळेच्या हिशेबात धरले जावेत ही मागणी जुनीच आहे. पण ज्या वस्तूला नवी किंमत येते, तिला नवे गिऱ्हाईकही येते. दहावीपूर्वी अमुक इतक्या परीक्षा 'उरकून' घ्याव्यात, असा हिशेब सहावी-सातवीतच मांडला जाऊ लागला. दहावीचा निकाल लागला की घुंगरू माळ्यावर जातात. सवलत काढून घ्यावी असा याचा अर्थ नव्हे, कारण ग्रामीण भागातील मुलीला घरून मिळणाऱ्या परवानगीत या गुणांचा वाटा असतो. मात्र सार्वजनिक परीक्षेतील गुण ज्या प्रमाणपत्राच्या आधारे द्यायचे, त्या प्रमाणपत्रामागील अध्यापनाकडे पाहण्याची जबाबदारीही शासनावर त्याच दिवशी आली. ती घेतल्याचे दिसत नाही.

शेजारच्याच एका कलेत हे काम फार पूर्वी झाले आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातील शाळाशाळांतून मुले देत आली. त्यांनाही दहावीत गुणांची सवलत आहे. परंतु त्या परीक्षांच्या जोडीने कला संचालनालयाच्या अखत्यारीत ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविकाही उभी राहिली. शाळेतील 'ड्रॉइंगचे सर' हे उत्तम चित्रकार असतीलच असे नाही, पण चित्रकला कशी शिकवावी याचे शिक्षण त्यांनी घेतलेले असते. शारीरिक शिक्षणालाही स्वतंत्र पदविका व पदवी आहे. नृत्याच्या वाट्याला मात्र विद्यार्थ्याची परीक्षा आली आणि शिक्षकाची पदविका आली नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत प्रयोगजीवी कलांसाठी दोन वर्षांच्या कलाशिक्षण पदविकेचे निकष छापले गेले होते. म्हणजे कल्पना कोणाला सुचलीच नव्हती असे नाही. मुंबईत कनक रेळे यांनी १९६६ साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र स्थापिले आणि पुढे त्यातून विद्यापीठाशी संलग्न नृत्य महाविद्यालय उभे राहिले. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. तेथील शिक्षण भरीव आहे. पण तेथे पूर्णवेळ शिकण्यासाठी मुलीला मुंबईत वा पुण्यात ठेवण्याची ऐपत लागते, आणि एवढे शिकून ती खालापूरला परतेल, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे होईल.

शाळेत नृत्यशिक्षकाची जागा आहे काय, असा प्रश्न यावर कोणी विचारील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मात्र ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेथील पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असेल तर. कर्जत तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातील किंवा खालापूरच्या वाड्यांतील जिल्हा परिषदेच्या लहानशा प्राथमिक शाळांना हा नियम शिवतसुद्धा नाही. जेथे कलाशिक्षक मिळण्याची अन्य कोणतीच शक्यता नाही, नेमक्या तेथेच कायद्याची तरतूद संपते. शहरातील मोठ्या शाळेला निदेशक मिळू शकतो, पण तेथील मुले तशीही सायंकाळी खासगी वर्गाला जातातच.

वाडीतले गुरू

आतापर्यंतचे विवेचन दोन शास्त्रीय शैलींभोवती फिरले, आणि परीक्षा मंडळांचे क्षेत्रही मुख्यतः तेवढेच आहे. परंतु कर्जत आणि खालापूर हे ठाकर आणि कातकरी वस्तीचे तालुके आहेत. या वाड्यांत नृत्य नाही असे म्हणणे म्हणजे पावसाळ्यात भीमाशंकरच्या पायथ्याशी पाणी नाही असे म्हणण्यासारखे होईल. ठाकरांचा कांबडनाच आहे, गौरी-गणपतीतील स्त्रियांची फेराची गाणी व नाच आहेत, ढोलाच्या चालीवर बदलणारी पावले आहेत. ही पावले कोणीतरी कोणाला तरी शिकवितोच. मधल्या पिढीचा एखादा जाणता पुरुष किंवा वयस्क बाई मुलांना रांगेत धरते, चुकलेल्याला कोपराने ढोसते, चाल मोडली की ढोल थांबविते. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा वर्ग, साथीदार व लय यांचा मेळ असलेला, फरशीऐवजी मातीवर चालणारा, कदाचित सोसायटीच्या सभागृहातील वर्गापेक्षा अधिक परिपूर्ण असेल.

त्याच वाडीतील मुले शाळेच्या स्नेहसंमेलनात काय करतात ते पाहावे. 'आदिवासी नृत्य' या नावाखाली चेहऱ्यावर पांढरे ठिपके, कमरेला झाडाची पाने किंवा कागदी झालर, आणि ध्वनिक्षेपकावर चित्रपटातील गाणे. खऱ्या ठाकराच्या मुलाला खोटा आदिवासी होऊन नाचावे लागते! यात शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे आहे. डी.एड्. किंवा आजच्या डी.एल्.एड्.मध्ये नृत्य बसविण्याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना मिळालेले नसते, संमेलनाला दहा दिवस उरलेले असतात आणि मोबाईलवर तयार नमुना सापडतो. वाडीतील जाणत्याला बोलावून त्याला मानधन द्यावे, तर कोणत्या खात्यातून? त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणून तो शिक्षक नाही. येथे प्रमाणपत्राची दुसरी बाजू दिसते. विशारदाला ते न शिकता शिक्षक बनविते, आणि चाळीस वर्षे शिकविणाऱ्याला ते शिक्षकाच्या यादीबाहेर ठेवते.

परदेशातील एक दाखला या संदर्भात उद्बोधक आहे. १९२० च्या अखेरीस लंडनमध्ये काही नामवंत नर्तक-नर्तिकांनी एकत्र येऊन एक संघटना काढली, तीच आजची रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्स. बॅले कोणीही कसाही शिकवितो आणि मुलांच्या पायांची नासाडी होते, ही त्यामागची तक्रार होती. संघटनेने प्रथम हाती घेतला तो शिक्षकांच्या दर्जाचा प्रश्न. मुलांच्या श्रेणी परीक्षा त्यानंतर आल्या. आजही त्या संस्थेच्या परीक्षांना विद्यार्थी बसवायचा, तर शिक्षक तिच्याकडे नोंदलेला असावा लागतो, आणि नोंद टिकविण्यासाठी त्याला स्वतःचे शिक्षण चालू ठेवावे लागते. त्याच देशातील नृत्यशिक्षकांच्या दुसऱ्या एका जुन्या संस्थेने, इंपीरियल सोसायटीने, कथक आणि भरतनाट्यम् यांनाही आपल्या परीक्षांत स्थान दिले आहे. अर्थात लंडनचे उदाहरण सांगितले की 'आमची परंपरा निराळी' हे उत्तर ठरलेले असते.

म्हणून घरचाच दाखला घ्यावा. पलुस्करांनी आपल्या विद्यालयात एक 'उपदेशक वर्ग' चालविला होता. होतकरू मुलांना राहण्या-जेवण्याची सोय द्यायची, करार करून घ्यायचा, गाणे शिकवायचे आणि ते गावोगाव शिकविण्यासाठी तयार करायचे, असा तो वर्ग होता. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे. मुंबईतील सँडहर्स्ट रोडवर पलुस्करांनी विद्यालयासाठी मोठी इमारत बांधली. ती कर्जापायी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हातची गेली. इमारत गेली, पण शिकविणारी माणसे तयार झालेली होती, म्हणूनच १९३१ नंतर मंडळ उभे राहू शकले. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, देवधरांनी मुंबईत आपली शाळा चालविली. म्हणजे ज्या परंपरेतून आजची सर्वांत मोठी परीक्षा व्यवस्था निघाली, तिच्या मुळाशी शिक्षक घडविण्याचीच योजना होती. फांद्या पसरल्या आणि मुळाकडे लक्ष राहिले नाही, असे फार तर म्हणता येईल.

उपाय सुचविताना मात्र शहरी उत्साह आवरला पाहिजे. उद्या एखाद्या शासननिर्णयाने 'पदविकेवाचून नृत्यवर्ग चालविता येणार नाही' असे फर्मान काढले, तर ठाण्या-पुण्यात फारसे बिघडणार नाही. कर्जत-खालापुरातील जे थोडे वर्ग आहेत ते बंद पडतील, किंवा नाव बदलून चालू राहतील, आणि तपासनिसाला एक नवे उत्पन्न मिळेल. परवान्याने दर्जा वाढतो ते फक्त पुरवठा मुबलक असलेल्या ठिकाणी. जेथे तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या शिक्षिका आहेत, तेथे परवाना म्हणजे टंचाई. त्यापेक्षा नोंदणीचा मार्ग श्रेयस्कर दिसतो. वर्ग कोणीही चालवावा. पण मंडळाने निकालपत्रिकेवर शिकविणाऱ्याचे नाव आणि तिचे स्वतःचे शिक्षण छापावे, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांची यादी तालुकावार प्रसिद्ध करावी, आणि काही वर्षांची पूर्वसूचना देऊन मध्यमेपासून पुढच्या परीक्षांना विद्यार्थी बसविण्याचा अधिकार त्या यादीतील शिक्षकांपुरता ठेवावा. पालकाला दर्जा कळत नाही हे मूळ दुखणे असेल, तर त्याच्या हाती माहिती देणे हाच त्यावरील पहिला इलाज. शासनाजवळ यासाठी हत्यार आहेच: दहावीचे अतिरिक्त गुण. कोणत्या मंडळांच्या परीक्षा त्यासाठी ग्राह्य धरायच्या हे शासनच ठरविते. त्या यादीत राहायचे तर शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय दाखवा, एवढी एक अट घालण्यास नवा कायदा लागत नाही.

अभ्यासक्रमात काय असावे यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. शरीररचना आणि इजा, वयानुसार पाठाची आखणी, पढंत व नट्टुवांगम, आणि जाणत्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून केलेले निरीक्षण, एवढे तरी त्यात हवे. आणि रायगडसारख्या जिल्ह्यात त्या प्रशिक्षणाचे काही दिवस वाडीतील ढोलाजवळ जावेत, वाडीतील जाणत्याला तेथे शिक्षक म्हणून मानधन मिळावे. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या आहेत. पेणच्या प्रकल्प कार्यालयाने मनावर घेतले तर एवढ्या रकमेसाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागेल असे वाटत नाही. कातकरी मुलीला कथक शिकण्याची वाट मोकळी असावी हे जितके खरे, तितकेच कथकच्या शिक्षिकेला आपल्या तालुक्यातील पावले ठाऊक असावीत हेही खरे आहे. आज या दोघींची गाठ पडते ती फक्त स्नेहसंमेलनाच्या रंगमंचामागे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही. दरमहा फीवर वर्ग चालविणाऱ्या स्त्रीच्या उत्पन्नातून जागेचे भाडे, विजेचे बिल, परीक्षेच्या दिवशीचा प्रवास आणि वेशभूषेचा खर्च वजा जाता हाती उरते ते फार नसते. मे महिन्याच्या सुट्टीत मुली गावी जातात आणि फी बुडते. दिवाळीतही तेच. तिच्यापाशी भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. प्रशिक्षणासाठी तिने सलग सहा आठवडे मुंबईस वा मिरजेस जावे असे सांगणे सोपे आहे. प्रशिक्षण कर्जतला, शाळांच्या सुट्टीत, शनिवार-रविवार धरून, दोन वर्षांत विभागून व्हावे लागेल, आणि खर्चाचा काही भाग परीक्षा शुल्कातून, काही शासनाकडून यावा लागेल. बुडणाऱ्या फीची भरपाई करणारे अल्पसे विद्यावेतन त्यात नसेल, तर प्रशिक्षणाला येतील त्या फक्त ज्यांच्या घराला वर्गाच्या उत्पन्नाची गरज नाही अशाच शिक्षिका, आणि खोपोलीच्या चाळीतील पुढच्या खोलीत चालणारा वर्ग आज आहे तसाच फरशीवर चालू राहील.